टिफनीच्या नावाने

आमदारांनी पुष्पगुच्छ रोवेनाच्या हातात दिला आणि कडेवरच्या टिफनीने लगेच त्यातलं एक पान ओढलं. चर्चसमोरच्या मांडवात हशा पिकला. रोवेनाही हसली. गावाचं बावखल वाचलं होतं.

ती ऑनलाइन याचिका तिने एका हाताने लिहिली होती. दुसऱ्या हातावर टिफनी झोपलेली असायची. वाड्यांना पाणी देणारं आपलं जुनं तळं बुजवू नका, एवढीच मागणी. वर टिफनीचा फोटो, मागे बावखलाचं हिरवं पाणी. रविवारी मिस्सा सुटली की ती दारात उभी राहायची आणि एकेकीच्या फोनवर लिंक पाठवायची. पहिली सही मार्थामावशीची. मावशीची केळी आणि पानवेल त्याच पाण्यावर. चष्मा घरी राहिला होता, म्हणून रोवेनाने तिला सगळं वाचून दाखवलं. ओटीपीसुद्धा तिनेच टाकून दिला.

मग टिफनीला दात यायला लागले. पोर कडेवरून उतरेना. तेव्हा ज्युड म्हणाला, "पासवर्ड दे. तू लेकीकडे बघ, सह्यांचं मी बघतो." ज्युड तिचा धाकटा भाऊ, दुसऱ्याच्या डंपरवर ड्रायव्हर. बाप्तिस्म्याला टिफनीला हातावर घेऊन तोच उभा होता. तिचा गॉडफादर. रोवेनाने पासवर्ड देऊन टाकला आणि बऱ्याच दिवसांनी दुपारी जरा डोळा लावला.

परवा त्याचाच मेसेज आला होता. 'ताई, जिंकलो.'

आमदारांनी माइक घेतला. "रोवेनाताईंची मागणी आणि तुम्हा सर्वांच्या सह्या. मी ती मंजूर करून घेतली. बावखलात भरणी करून तिथे मुलांसाठी बाग होणार. काम आजच सुरू."

टाळ्या सवयीने सुरू झाल्या, आणि मध्येच अडखळल्या.

रोवेनाने फोन उघडला. फोटो तोच. सह्या त्याच. खाली नाव तिचंच. मजकूर तेवढा निराळा. 'माझ्या मुलीला खेळायला जागा द्या. हे डासांचं डबकं बुजवा.'

मार्थामावशी उठली. "साहेब, आम्ही बुजवू नका म्हणून सही केली."

"मावशी, पहिलं नाव तर तुमचंच आहे," आमदार आदराने म्हणाले.

मावशी त्यांच्याकडे बघतच नव्हती. "बाय, मग तू मला वाचून दाखवलंस ते काय होतं गं?"

रोवेनाची नजर ज्युडला शोधू लागली. मांडवाच्या कडेला ज्युड उभा होता. नवा शर्ट, भांग पाडलेला. ती त्याच्यापाशी गेली.

"तू बदललंस?"

"सह्या कुठे बदलल्या? लोकांनी तुझं नाव बघून केल्या, खाली कोण वाचतंय." त्याने टिफनीच्या गालाला बोट लावलं. ती ओळखीचं हसली आणि दोन्ही हात पसरून त्याच्याकडे झेपावली. "आणि हिच्यासाठीच ना सगळं. मामाने काय घेतलंय ते बघ तरी."

रस्त्यावर हॉर्न वाजला. कामणच्या डोंगरातली लाल माती भरलेला नवाकोरा डंपर बावखलाकडे वळत होता. पुढे झेंडूचा हार, आणि काचेच्या वर, ठळक अक्षरांत रंगवलेलं नाव: टिफनी.