ओवीतला भाऊ

पहाटे जात्याच्या घरघरीवर तरंगणारा तो आवाज रामकिसन लग्नाच्या नव्या दिवसांत अंथरुणात पडून ऐकायचा. केसरबाईच्या ओवीत आई यायची, बाप यायचा, भाऊ तर दर दोन ओव्यांआड यायचा. तो वाट पाहायचा. दळण सरायचं, त्याची पाळी काही यायची नाही.

आज तोच आवाज सिडकोतल्या एका शाळेत, पंख्याखाली, चाळीस पोरांपुढं. अडुसष्टाव्या वर्षी केसरबाईला शाळेनं पगारी ठेवलं होतं. आठवड्यातून तीन दिवस जातं ओढायचं, ओव्या म्हणायच्या. त्याच शाळेत फाटकावर बसण्यासाठी रामकिसननंही अर्ज केला होता. “काका, आता आराम करा,” शाळेतले म्हणाले. आज तो बायकोला न्यायला आला आणि मागच्या बाकावर टेकला.

“पैठणच्या वाटेवरी धूळ कशाची उधळली,
बंधू येतो भेटायाला, गाडी दारात वळली…”

“आजी, आजोबांची ओवी नाही का?” श्रेया नावाच्या पोरीनं विचारलं.

केसरबाईनं पदर सावरला. “त्यांची कसली ओवी, बाई! टायमावर गिळायला मागत्यात, तेवढंच.”

वर्ग खदाखदा हसला. रामकिसनही हसला, पण कानशिलं तापली. तिच्या गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र होतं. फोटोत ती नवरीसारखी ताठ बसलेली.

बसथांब्यावर तो भडकला. “आता यायचं नाय हितं.”

“का वो?”

“भाऊ, भाऊ, भाऊ! त्या भावानं कवा साधी चोळी तरी धाडली का? अन् मी? पन्नास वर्सं झाली, एक ओवी नाय. आता साऱ्या शाळेला गाऊन सांग.”

“अगं बया! ह्या वयात भावावर जळता व्हय?”

“जळतो!”

तिचं हसू अर्ध्यात थांबलं. बस आली, उभी राहिली, गेली. दोघंही चढले नाहीत. केसरबाई निळी फीत बोटाला गुंडाळत राहिली.

“तव्हा ज्या ओव्या म्हणल्या त्याच तोंडात बसल्या,” ती खाली बघत म्हणाली. “दळताना समोर तुमची आई असायची. एका खुंट्याला आम्हा दोघींचे हात. तिच्या डोळ्यांत बघून कसं गाऊ, की मला तिच्या लेकाचं लई येड लागलंय?”