खवल्यातला दात

"वास घ्या, सायेब." गेणभाऊंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "धा येळा धुतले तरी जात न्हाई. चूक माझी हाये, पोरीची न्हाई."

टेबलापलीकडं चौकशी समितीचे तिघं होते. गेणभाऊंशेजारी त्यांची लेक स्नेहल मान खाली घालून बसली होती.

गेणभाऊ घोडेगावच्या बाजारात सुकी मासळी विकायचे. स्नेहल पुण्याच्या एका संस्थेत पीएच.डी. करायची. हिमालयातला सेहेचाळीस कोटी वर्षं जुना दगड आम्लात विरघळवायचा आणि उरलेल्या गाळात माशांचे खवले शोधायचे, हे तिचं काम. चार वर्षं हाती काही लागलं नाही. शिष्यवृत्तीचे दोन महिने उरले, तेव्हा ती गाळ आणि सूक्ष्मदर्शक घेऊन डिंभ्याला घरी आली.

तिथं रेतीच्या कणाएवढे तीन खवले निघाले. आत दातासारखाच थर. कणा असलेल्या प्राण्यांना दात आधी कातडीवर आले, तोंडात नंतर, असं मानणाऱ्यांना इतका जुना पुरावा मिळाला नव्हता.

"आण्णा, हा आपल्या दातांचा पणजोबा," असं म्हणून तिनं बापाला दाखवलं. गेणभाऊंनी गावात पेढे वाटले.

निबंध छापून आल्यावर सहा महिन्यांनी खवल्यांच्या तपासणीचा अहवाल आला. खवले आजच्याच मुशीचे, म्हणजे लहान शार्कचे होते. तो निबंध मागं घ्यावा लागला. स्नेहल जेवेना, बोलेना.

गेणभाऊ आठवत राहिले. मुशी कापता कापता आपण गाळाची उघडी डबी उचलून फळीवर ठेवली होती. हे आठवलं त्या दिवसापासून त्यांनी धंदा बंद केला.

"म्हणजे नकळत मिसळलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"व्हय. माझ्या हातनं."

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. फसवणूक नाही, निष्काळजीपणा, असं ठरलं. स्नेहलला नवा विषय मिळणार होता.

परतीच्या एसटीत गेणभाऊ खिडकीकडं तोंड करून रडत होते.

"चार वर्सं मातीत घातली तुझी. बाप न्हाई, वैरी हाये मी."

"आण्णा, नका असं बोलू."

"माफ करशील का गं मला?"

"केलं," स्नेहल म्हणाली.

गेणभाऊ बाजाराला गेल्यावर दाराला कडी लावून मुशीची कातडी तिनंच सुईनं खरवडली होती.