घरची हळद

अंगणापासून ओटीपर्यंत रक्ताचे ठसे उमटले होते आणि ते आपल्याच पायाचे आहेत, हे सोपानआबांच्या गावीही नव्हतं. नात राजेश्वरी ओरडली तेव्हा कुठे त्यांनी खाली पाहिलं. तिनं आजोबांना खाली बसवलं, उजवी चप्पल काढली. पवना धरणाच्या काठी तंबू ठोकणाऱ्या पाहुण्यांची मेहेरबानी! बाटलीची काच चप्पल फोडून टाचेत घुसली होती आणि आबा तसेच बांधावरून घरापर्यंत चालत आले होते.

"आगं, कायबी दुखत न्हाई. चिमूटभर हळद भर, झालं."

तिनं काच उपसली, जखम धुतली. काचेनं तिच्याही बोटाला जरा चिरलं. हळदीचा डबा काढायला फळीवर हात घातला, तर डब्यामागे आबांच्या मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटं. दोन महिन्यांची, एकही फोडलेलं नव्हतं.

"आबा, गोळ्या घेत नाही तुम्ही?"

"तूच म्हणली व्हतीस की, साखरंवर हळद लय भारी. रोज सकाळी चमचाभर घेतोय."

ती तसं म्हणाली नव्हती. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट तिनं दिवाळीत मोठ्या ऐटीत घरात वाचून दाखवलं होतं. हळदीत अँटिऑक्सिडंट असतं, मधुमेहात शरीराची, नसांचीसुद्धा, आतून जी झीज होते ती त्यानं कमी व्हायला मदत होते, असं काही अभ्यासांत दिसलंय. गोळ्यांच्या जोडीला, हेही तिनं वाचलं होतं. आबांनी सोयीचं तेवढं ऐकलं. आता तिला त्या ऐटीची लाज वाटली.

तिनं जखमेत हळद भरली. आबांनी सवयीनं दात आवळले, डोळे मिटले आणि वाट बघत राहिले. मग नाक मुरडलं.

"भेसळ हाय. झोंबतच न्हाई. तुझी आजी परसातली हळद काढायची, उकडायची, वाळवून जात्यावर दळायची. ती हळद जखमंत भरली की मी असा बोंबलायचो, म्हशी दावं तोडायच्या!" मिटल्या डोळ्यांनीच आबा हसले. "मग फुंकर घालत बसायची. पार थंडगार वाटायचं बग."

आजीला, शालूबाईंना, जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांचे फुगलेले गाल राजेश्वरीला लख्ख आठवले. फुटलेले गुडघे घेऊन तीही आजीसमोर बसली होतीच की.

तिच्या चिरलेल्या बोटाला डब्यातली हळद लागली होती. बोटाची नुसती आग आग होत होती. हळद चोख होती.

ती ताडकन उठली.

"आबा, कैलासकाकांना जीप काढायला सांगते. आत्ताच्या आत्ता लोणावळ्याला दवाखान्यात जायचंय."

"हळद खोटी निघाली म्हून दवाखान्यात? काय येडी का काय! आदी फुंकर घाल, आजीवानी. मग कुटं न्यायचं तितं ने."

राजेश्वरी पायाशी वाकली. गाल फुगवून तिनं हळूच फुंकर घातली. मग दुसरी. तिसरीला कडेची हळद भुरकन उडाली.

आबांचे डोळे मिटलेलेच होते.

"घाल की पोरी," ते म्हणाले. "कवाची वाट बगतोय."