सुई ठेवणारा हात

दुरुस्तीच्या दुकानात महालिंगप्पानं मशीनची थाळी बोटानं फिरवली, कान खाली नेला आणि मान हलवली. "पट्टा ढिला पडलाय. सुई तर पार झिजून गेली. मोटर अजून धड हाय, पण किती दिवस चालंल ते सांगता यायचं न्हाय."

समोरच्या स्टुलावर नागूबाई बसली होती. भूमपासून कळंबपर्यंत एसटीत तिनं ते रेकॉर्डचं मशीन मांडीवर धरून आणलं होतं. मांड्यांना मुंग्या आल्या होत्या, त्या अजून गेल्या नव्हत्या. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. गेले दोन महिने तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. तिचे यजमान धनाजीराव गेले, दिवस झाले, पाव्हणे आले नि गेले, आणि ती सगळ्यांना चहा देत राहिली. रडायला म्हणून आलेल्या बायका तिच्याकडं बघून न रडताच चहा पिऊन जायच्या.

मशीनचं सुनेच्या, मंजुषाच्या मनात आलं होतं. घरात काहीतरी वाजायला पाहिजे, एवढंच ती म्हणाली होती. नागूबाई हो म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. चपला घालून तिच्याबरोबर निघाली.

"आता तुमीच ठरवा," महालिंगप्पा म्हणाला. "एक तर ह्यातच नवा पट्टा, नवी सुई टाकून देतो. न्हायतर हे इथंच सोडा आन् नवं घ्या." त्यानं फळीवरून एक नवं कोरं मशीन खाली काढलं. "ह्याला बटण हाय. दाबलं की सुईची दांडी आपली आपण उठती, रेकॉर्डवर जाऊन बसती, गाणी संपली की माघारी येती. हात लावायचं कामच न्हाय."

त्यानं बटण दाबून दाखवलं. दांडी उठली, गेली, बसली.

मंजुषाला ते पसंत पडलं. "आत्याबाई, हेच घेऊ. तुम्हाला सोपं पडंल."

"चांगलं हाय," नागूबाई म्हणाली. शेजारणीनं दाखवलेल्या साडीला म्हणावं तसं.

"पण वाजवणार कोण?" महालिंगप्पानं विचारलं. धनाजीरावांना तो चांगला ओळखत होता. दर दोन-तीन वर्षांनी सुई बदलायला ते त्याच्याकडंच यायचे.

"ह्याच वाजवतील की," मंजुषा म्हणाली.

"म्या कधी हात लावला न्हाय," नागूबाई म्हणाली.

ते खरंच होतं. धनाजीराव जनावरांच्या दवाखान्यात जखमा बांधणारे ड्रेसर होते. संध्याकाळी घरी आले की दोनदा साबणानं हात धुवायचे, धोतराच्या मऊ फडक्यानं रेकॉर्ड पुसायचे आणि श्वास धरून सुई ठेवायचे. नागूबाई भिंतीपलीकडं भाकरी थापत असायची. सगळी गाणी तिला पाठ होती, पण कोणतं गाणं कोणत्या रेकॉर्डवर आहे हे तिला माहीत नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी धूळ पुसताना तिचा हात दांडीला लागला होता. तेव्हा ते ओरडले होते, "तुझ्या हाताला काय कळतंय?" नंतर ती त्या कोपऱ्यात झाडूसुद्धा जपून फिरवायची.

"मग आज लावून बघा," महालिंगप्पा म्हणाला. त्यानं दुसऱ्या एका मशीनचा पट्टा काढून जुन्यात तात्पुरता चढवला. नागूबाईनं टॉवेलात गुंडाळून आणलेली रेकॉर्ड त्यानंच थाळीवर ठेवली आणि मशीन चालू केलं. "जमलं तर हे दुरुस्त करू. न्हाय जमलं तर बटणाचं घ्या."

नागूबाई उठली. तिनं हात पदराला पुसला आणि दोन बोटांत दांडी धरली. वाटली होती त्यापेक्षा ती फारच हलकी निघाली. काडेपेटीएवढीसुद्धा जड नाही. रेकॉर्डच्या कडेवर आल्यावर तिनं ती जरा लवकरच सोडली. सुई टेकली, घसरली आणि खर्रकन पार मधोमध गेली. काळ्या रेकॉर्डवर एक लांब पांढरा चरा उमटला.

नागूबाईनं मान खांद्यांत घेतली आणि डोळे मिटले.

तशीच ती उभी राहिली. थाळी फिरत होती. बाहेर रस्त्यावर कुणीतरी हाका मारत कोथिंबीर विकत होतं.

"आत्याबाई, काय झालं?" मंजुषानं विचारलं.

"कोण वरडलं का?"

"कोणच न्हाय."

नागूबाईनं डोळे उघडले. दुकानात तिघंच होते. तिनं नजर दारापर्यंत नेली, तिथं थोडा वेळ ठेवली आणि परत आणली. हात अजून वरच होता. तिनं तो असा बघितला, जणू कुणीतरी तिच्याकडं सांभाळायला देऊन गेलं होतं.

महालिंगप्पानं नवं मशीन हळूच पुढं सरकवलं. "राहू द्या, माय. सगळ्यांनाच जमतं असं न्हाय."

"ते फळीवर ठेवा," नागूबाई म्हणाली. "हेच दुरुस्त करा."

"अहो, पण असे चरे पडत राहिले तर एक रेकॉर्ड धड राहायची न्हाय," मंजुषा म्हणाली. "मामंजींनी किती जपल्या होत्या."

"पडू दे," नागूबाई म्हणाली आणि तिनं दांडी पुन्हा उचलली.