एकच उतार

बाबल्याने खुर्चीची चाकं हातांनी ढकलत फुटपाथवर चढायचा उतार गाठला, तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. पण चेहरा बघावा! नव्या नवरदेवाचा असावा तसा. बोटीवरच्या अपघातात पाय गेले, त्यानंतर तो आज पहिल्यांदाच एकटा बाहेर पडला होता. बायकोला, आवडाबाईला, पत्ता लागू न देता त्याने अंगणात हातांना सराव दिला होता. हा उतार चढला की पुढे फुटपाथ सरळ बंदराच्या धक्क्यापर्यंत. धक्क्यावर बसून होड्या लागताना बघायच्या, एवढंच त्याचं मागणं.

नगरपालिकेने कर्जरोखे काढून हा फुटपाथ बांधला. लोकांकडून उचललेला पैसा, वर त्याचं व्याज, म्हणून काटकसर आली. आणि काटकसर आली की कुऱ्हाड कुणावर पडते ते सांगायला नकोच. आराखड्यातले सगळे उतार गाळले. तेव्हा आवडाबाई भर सभेत उभी राहिली. "माझा घोव काय उडत जायाचा धक्क्यावर?" मग कुठे एक उतार मंजूर झाला. एकच. बिचारीने त्यालाही हात जोडले.

आज त्याच उतारावर गिऱ्हाइकांची ही गर्दी! पाठमोऱ्या माणसांच्या पायांमधून बाबल्याला मासळीची पाटी दिसली आणि ओळखीचा आवाज आला.

"ताजे फडफडीत सौंदाळे! हात लावून बघा ताई, लाजता काय!"

आवडाबाईच ती.

तिचं तरी काय चुकलं? नव्या फरशीवर मासळीचं पाणी साचायचं, गिऱ्हाईक घसरायचं, मुकादम रोज उठवायला यायचा. उतारावरचं पाणी मात्र आपसूक गटारात जायचं. "ह्यांच्या हातात बळ येईस्तोवर बसते हितं," असं ती शेजारी बसणाऱ्या यमुनाबाईला म्हणाली होती.

यमुनाबाईनेच बाबल्याला आधी पाहिलं. "अगो आवडे" म्हणायला तिने तोंड उघडलं, तर त्याने ओठांवर बोट ठेवलं. बायकोचा असा खणखणीत आवाज त्याने कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. खालून रस्त्याने जावं, तर मासळीचे टेम्पो अंगावर येत होते. टेम्पोंच्या पलीकडे डोलकाठ्यांची टोकं तेवढी दिसली. ती त्याने डोळे भरून पाहिली आणि खुर्ची घराकडे वळवली.

दुपारी आवडाबाई रिकामी पाटी मिरवीतच घरात शिरली.

"सगळी खपली! देवरूखच्या एका बाईंनी तर अर्धी पाटी उचलली. सोन्यासारखी जागा हाय ती."

"बरं झालं," बाबल्या म्हणाला.

पाणी प्यायला ती वळली आणि थबकली. खुर्चीच्या चाकांना माशाचे खवले चिकटून वाळले होते.

"तुमी आलेलात?"

बाबल्याने खुर्ची जरा मागे सारली.

"मग हाक का नाय मारलीत?"

"धंद्याच्या वक्ताला कोण हाक मारतो काय?"

ती चाकापाशी खाली बसली. पदराने खवले पुसू लागली. निघेनात, तशी नखांनी खरवडू लागली. रडतही होती. "उद्यापासून नाय बसायची मी तिथं. खड्ड्यात जाऊ दे ती जागा."

"आणि खायाचं काय? तिथंच बस." बाबल्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तळवे सोलून निघाले होते त्याचे. "आवडे, सभेत दोन उतार मागायला हवे व्हते गं. एक तुझ्यासाठी."