पोटातली सुई

चांद्याच्या कोर्टात जज्जसाहेबांनी एक्सरेचा काळा फोटो खिडकीच्या उजेडात धरायला लावला, आणि सुगंधाबाईने आपलं पोट पहिल्यांदाच आतून पाहिलं.

अख्ख्या पोंभुर्ण्याने त्या फोटोवर तोंडसुख घेतलं होतं, पाहिला मात्र कोणीच नव्हता. पोट दुखतं म्हणून ओली बाळंतीण दवाखान्यात आली, फोटोत सुई दिसली, डॉक्टरांनी पोट चिरलं. सुई सापडली नाही. डॉक्टर म्हणाले, बाईने गिळली असणार, मग आपोआप निघून गेली. शिकलेला माणूस खोटं कशाला बोलेल? गावाने तिचं नाव ठेवून दिलं, सुईगिळी. विहिरीवर ती गेली की बाया आपापली लेकरं मागे ओढत, आणि त्यांत सगळ्यांत पुढे तिची सख्खी जाऊ रुखमाबाई. नवऱ्याने, मुखरूने, डॉक्टरांवर दावा लावला होता भरपाईसाठी. सुगंधाबाईला फक्त ते नाव पुसून हवं होतं.

"गिळली नाही म्हणता," डॉक्टरांचे वकील म्हणाले. "मग ही काय आहे? माशाचा काटा?"

लोक हसले. सुगंधाबाई हसली नाही. ती बघत होती. पाठीचा कणा, खाली सुपासारखं रुंद हाड, आणि त्यावर आडवी पडलेली एक जाड सुई. गोधडीची. टोकाशी जराशी वाकलेली.

तिचा हात आपसूक कमरेला गेला.

तिचे वकील गुणवंतराव यांनी पायरीवरच बजावलं होतं, गिळली नाही एवढंच म्हणा, सुईचं नाव काढू नका. आत्ताही ते दुरून नको म्हणून मान हलवत होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"साहेब, सुई माहीच होय."

गुणवंतरावांनी डोळे मिटले. डॉक्टरांचे वकील म्हणाले, "लिहून घ्यावं. बाईंनी कबूल केलं."

"पन पोटात नाई. पोटावर."

भिंतीकडे तोंड करून तिने लुगड्याच्या निऱ्यांतून काळा दोरा बाहेर ओढला. दोऱ्याला बिब्बा, आणि बिब्ब्यात आरपार खुपसलेली सुई. टोकाशी वाकलेली.

"बाळंतपणात सासूनं बांधून देल्ली. लेकराले नजर लागू नाई म्हणून. लेकरू चालेपर्यंत सोडत नाई आमच्यात."

डॉक्टर उठून उभे राहिले. "फोटोच्या आधी मी अंगावरचे सगळे दागिने काढायला सांगितले होते."

"काढले ना, डाक्टरसाहेब. पाटल्या काढल्या, जोडवे काढले. डोरलं बी काढलं, मालक समोर उभे असून. बिब्बा का दागिना होय?"

जज्जसाहेबांनी ओठ दाबून धरले. "आणि ऑपरेशनच्या वेळी? तेव्हाही कोणाला दिसला नाही?"

"नर्सबाईनं कापला ना दोरा. मंग जावेच्या हाती देल्ला. मी शुद्धीवर आली तं तिनंच परत बांधला."

"म्हणजे डॉक्टर पोटात सुई शोधत होते, तेव्हा सुई..."

"माह्या जावेच्या ओच्यात होती."

सगळं कोर्ट मागच्या बाकाकडे वळलं. तिथे सुगंधाबाईचं लेकरू मांडीवर घेऊन रुखमाबाई बसली होती. हशा इतका उसळला की शिपायाला दोनदा ओरडावं लागलं.

"मले का मालूम?" रुखमाबाई पदर तोंडाला लावत म्हणाली. "म्या तं बिब्बा म्हणून ठेवला. बिब्ब्याले कोन सुई म्हंते?"

जज्जसाहेब डॉक्टरांकडे वळले. "सुई आत की बाहेर ते कळायला बाईंना कुशीवर निजवून दुसरा फोटो घेतला होता?"

डॉक्टरांनी खिडकीतल्या फोटोकडे पाहिलं. मग चष्मा काढला.

"नाही. सुई आतून टोचते, जीव घेते. मला घाई झाली."

"दोरा कोर्टात जमा करा, बाई."

"लेकरू अजून रांगते, साहेब."

जज्जसाहेबांनी मागच्या बाकावरच्या लेकराकडे पाहिलं. "राहू द्या," म्हणाले, आणि पुढची तारीख दिली.

बाहेर लिंबाखाली मुखरूने वकिलांना गाठलं. "आता जिंकलो का हरलो, वकीलसाहेब?"

"अर्धा दावा तुमच्या बाईंनी स्वतःच बुडवला," गुणवंतराव म्हणाले. "फोटोत सुई होती, हे आता डॉक्टरांच्या वकिलांनाच घेऊन नाचता येईल. उरलेल्या अर्ध्याचं बघू."

मुखरूने बायकोकडे रागाने पाहायचं ठरवलं, पण ती बंडीजवळ बसून शिदोरीचं गाठोडं सोडत होती आणि चेहरा असा, जशी कोणाच्या लग्नालाच आली. त्याला राग धरता आला नाही.

भात होता, वरण होतं. पान नव्हतं. रुखमाबाई लेकराला कडेवर घेऊन रस्त्यापलीकडे गेली आणि पळसाची पानं ओरबाडून आणली. बंडीच्या तट्ट्यातून बांबूच्या बारीक काड्या मोडल्या. सगळा ढीग तिने सुगंधाबाईच्या पुढ्यात टाकला.

"बसली काऊन? टाच पत्रावळी. मानसं उपाशी हायेत."

सुगंधाबाईने पानावर पान ठेवलं. दोन्ही हात गुंतले, तशा उरलेल्या सुईसारख्या टोकदार काड्या तिने दातांत धरल्या आणि भराभर टाचू लागली.

रुखमाबाईने लेकराला खेळवता खेळवता एकदा वर पाहिलं. जावेच्या तोंडातल्या काड्यांकडेही पाहिलं.

"माही जराशी मोठी टाच," ती म्हणाली.