सेवाकालानुसार

“तुमच्या मिस्टरांचं नावही आहे यात,” साहेब म्हणाले. “म्हणून तुमच्याकडे द्यावं की नाही, असं चाललं होतं माझं.”

“मग नका देऊ.”

“दुसऱ्या कुणाला येतंय इथे?”

बदल्यांचे अर्ज प्रत्येक शाखेने आपल्या मर्जीने भरून पाठवले होते. कुठे एका माणसाच्या तीन ओळी, कुठे पाच. एक्सेलमध्ये मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या सूचना लिहून प्रत्येकाला एकाच ओळीत आणायचं, मग सेवाकालानुसार लावायचं. वरच्या काही जणांना इथे, मुख्यालयात बदली. बाकीचे आहेत तिथेच.

तिचा नवरा लांबच्या शाखेत होता. यंदा त्याचा नंबर नक्की, असं अख्खा मजला म्हणत होता.

“तरी जरा वर सरकवून ठेव गं,” शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट कुजबुजली. तिला सगळे मावशीच म्हणत. “देव काय एक्सेल उघडून बघतोय?”

“राहू दे, मावशी.”

“हरिश्चंद्राची नात.”

घरी मुलगी रेडिओबरोबर मोठ्याने गात भांडी विसळत होती.

“बाबा येणार?”

“यादी लागली की कळेल.”

मुलीने रेडिओ बारीक केला.

दुसऱ्या दिवशी साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले. “मला यातलं ओ की ठो कळत नाही. वाचून दाखवा.”

पडद्यावर बोट फिरवत तिने साध्या मराठीत सांगितलं.

एका माणसाच्या सगळ्या ओळी एका ओळीत आण.

रिकाम्या ओळी काढून टाक.

ज्याचा सेवाकाल जास्त, तो वर.

“झालं? चालवा.”

ओळी सरसर वरखाली झाल्या. साहेबांनी मुख्यालयाची नावं वाचली. पुन्हा वाचली. मग चष्मा पुसायला घेतला. जागा संपल्या तिथून खालचं पहिलंच नाव तिच्या नवऱ्याचं होतं.

“वाईट वाटतं हो, मॅडम.”

मावशीने तिच्यासाठी चहा मागवला. “घरच्या माणसाला कुणी इतका न्याय लावतं का?”

ऑफिस सुटताना नवऱ्याचा फोन आला.

“तू तिथे असून?”

“मशीनचं काम, अहो. त्याला आपलं-परकं नसतं.”

“तुला जमतं तरी काय?”

त्याने फोन आपटला.

तिने मॅक्रो उघडला. साहेबांना वाचून न दाखवलेली एक ओळ मध्येच होती. ती तिने पुसून टाकली.

माझ्या नवऱ्याचं नाव आलं, तर त्याचा सेवाकाल दोन वर्षांनी कमी धर.